दुसरी प्रत

फोटो काढायला परवानगी लागते असं सांगितलं की माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी त्यांच्या खिशातच हात घातला. सव्वीस वर्षं बघतायत. आता मला त्याचं काही वाटत नाही.

टपाल आणि दूरध्वनीच्या संग्रहालयात मी परवानगी विभागात आहे. विभाग हा शब्द जरा मोठाच झाला. जिन्याखालची एक खोली, एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि मी. लोकांना वाटतं, वस्तू संग्रहालयाची म्हणजे तिचं चित्रही संग्रहालयाचं. तसं नसतं. जुने तराजू, शिक्के, टपालपेट्या यांचे हवे तेवढे फोटो काढा, कोण विचारतंय. पण एखाद्या कलावंताने घडवलेला पुतळा असेल तर पुतळा आमचा, आणि त्याची प्रतिमा काढू द्यायची की नाही हा हक्क कलावंताचा. तो गेला की त्याच्या वारसांचा. हे सगळं घसा कोरडा करून सांगितलं की समोरचा म्हणतो, "अहो मॅडम, मी नुसता मोबाइलवर काढतोय." मोबाइल म्हणजे जणू कायद्याचा जावई.

घोडं अडतं ते नेहमी दुसऱ्या मजल्यावर. तिथे जुनं दूरध्वनी केंद्र जसंच्या तसं उभं केलंय. भिंतभर लाकडी फळा, त्यात शेकडो भोकं, खाली लोंबणाऱ्या वायरी, आणि समोर उंच स्टुलांवर आपल्याकडे तोंड करून बसलेल्या पाच ऑपरेटर मुली. मुली प्लास्टरच्या, पण माणसाएवढ्या, अंगावर खरे निळे गणवेश. केंद्र बंद व्हायच्या सुमारास तिथल्याच मुलींच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन एका शिल्पकाराने त्या केल्या. म्हणून दालनाच्या दाराशी फलक आहे की छायाचित्रणास मनाई आहे, परवानगीसाठी तळमजल्यावर भेटावे. लोक त्याच फलकाला टेकून फोटो काढतात आणि खाली कोणी येत नाही.

मास्तर मात्र आले.

सत्तरी केव्हाच ओलांडलेली, अंगात इस्त्रीचा कोट, कोटाच्या कॉलरला आतून दोन टाचण्या टोचलेल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलक्लॉथची उसवलेली कड बोटाने सरळ केली. म्हणाले, "मी शिंपी. सगळे मास्तर म्हणतात, तुम्हीही म्हणा. वर चौथ्या जागेवर बसलीय ना, ती माझी बायको."

माझ्याकडे काय काय माणसं येतात. एकाला दाराजवळच्या टपालपेटीत आपलं प्रेमपत्र अडकलंय असं वाटायचं. मी सावरून बसले.

"गेली ती. चार महिने झाले," ते म्हणाले. "तिचा एक फोटो हवाय."

"वर काढला का तुम्ही?"

"फलक वाचला ना. म्हणून तर खाली आलो."

एवढ्या एका वाक्यावर हा माणूस मला आवडला. खरंच सांगते, सव्वीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

केंद्रातल्या मुलींचे गणवेश मास्तरांकडेच शिवायला असायचे. मापं घ्यायला गेले आणि चौथ्या स्टुलावरची मुलगी त्यांना म्हणाली की तुमच्या मागच्या गणवेशात हात वर केला की काख फाटते. "बाकीच्या वर्षभर गप्प बसल्या होत्या. हिने तोंडावर सांगितलं. मग म्हटलं, हिच्याशी बोलायला हवं," मास्तर म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

घरी तिचा एकही फोटो नाही, यावर माझा विश्वास बसेना. मी खोदून विचारलं. लग्नातला? लग्न कचेरीत केलं होतं, दोन्ही घरं रुसलेली, फोटोवाल्याला कोण बोलावणार. ओळखपत्र? पहिलं कपड्यांबरोबर धुतलं गेलं. दुसरं त्यांनी पाकिटातून काढून माझ्यापुढे ठेवलं. कोणा धांदरट कारकुनाने टाचणी बरोबर चेहऱ्यातून मारली होती आणि गंजाचा डाग कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरला होता. "ती म्हणाली, बरं झालं. तिला आवडायचंच नाही. कुठे चार माणसांत कॅमेरा निघाला की ही पाणी आणायला उठायची. चाळीस वर्षं पाणी आणत होती."

मग त्यांनी आवाज खाली केला. माझ्याशिवाय खोलीत कोणी नव्हतं, तरी.

"चेहरा जातोय हो, बाई. तिची मापं विचारा, आत्ता सांगतो. खांदा साडेचौदा, बाही एकोणीस. पण सकाळी डोळे उघडले की चेहरा लागत नाही. आधी चहा होईपर्यंत यायचा. मग दुपार व्हायला लागली. हल्ली येतच नाही, मग मी तिकीट काढून इथे येतो. वर उभा राहून बघतो. घरी पोचेपर्यंत टिकतो, कुलूप काढलं की गेला. भिंतीवर असला तर बरं. एवढंच आहे काम."

असं काही ऐकलं की मी फॉर्म पुढे करते.

त्यांनी तो सावकाश भरला. अक्षर टाक्यांसारखं एकसारखं. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, माझी पत्नी आहे. शेवटचा रकाना छायाचित्रातील व्यक्तीच्या संमतीचा असतो. तो जिवंत माणसांसाठी. पुतळा असला की मी तिथे 'लागू नाही' असा शिक्का मारते, हात आपोआप जातो. तसा गेला.

मास्तर शिक्क्याकडे बघत राहिले. "तिला विचारायला नको का?"

"मास्तर, तो पुतळा आहे."

"हो. तेही खरंच," ते म्हणाले आणि टोपण लावून पेन मला परत दिलं.

फोन नंबर त्यांनी शेजारणीचा दिला होता. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. तरुण आवाज, घाईचा. "काकांचं काम करा हो, काय ते. काकू गेल्यापासून दोन घासही धड खात नाहीत. मी डबा देते तो तसाच परत येतो. काकू म्हणजे आमच्याकडे घरच्यासारख्या होत्या, माझ्या मुलीला पाढे त्यांनीच शिकवले." मी म्हटलं, नियमात बसेल तेवढं करते. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की ते बोलताना मी दुसरं काम करू शकते.

शिल्पकार नऊ वर्षांपूर्वी वारला होता. हक्क त्याच्या मुलीकडे, ती दुसऱ्या शहरात. मी पत्र टाकलं. उत्तराची वाट बघताना दूरध्वनी केंद्राची फाइल काढली, कारण जुना एखादा चांगला फोटो हाती लागला तर म्हाताऱ्याचं काम तेवढं लवकर होईल असं वाटलं. दर पाच वर्षांनी पुतळ्यांची तपासणी होते, तेव्हा प्रत्येक चेहऱ्याचा फोटो काढून लावतात.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मुलीचे फोटो अगदी स्वच्छ. पापण्यांचे रंगवलेले केस मोजून घ्या. चौथीचे मात्र सगळे बिघडलेले. एकात खिडकीच्या काचेवरची तिरीप नेमकी तोंडावर. एकात कोणाचा तरी खांदा मध्ये आलेला. एक फोटो ओलीने शेजारच्या कागदाला चिकटला होता आणि सुटताना चेहऱ्याचा पापुद्रा तिकडेच राहिला. शेवटचा संगणकावरचा, तो अर्धाच उघडायचा, गळ्यापासून खाली. प्रत्येकाखाली वेगवेगळ्या माणसाच्या अक्षरात एकच शेरा, पुन्हा घ्यावा. पुन्हा कोणी घेतला नव्हता.

मी संग्रहालयाच्या फोटोग्राफरवर तोंडसुख घेतलं. त्याला सगळे हसाबघू म्हणतात, कारण तो पुतळ्यांनाही "हसा बघू" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. "कामचुकारपणा आहे हा," मी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, यातला एकच माझा आहे. बाकीचे मी शाळेत असतानाचे."

सहाव्या आठवड्यात शिल्पकाराच्या मुलीचं पत्र आलं. परवानगी दिली होती. फोटोखाली वडिलांचं नाव घाला, विकू नका, एवढ्याच नेहमीच्या अटी. सोबत वडिलांच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स होती. साचे घेण्याआधी पाचही मुलींकडून त्यांनी लिहून घेतलं होतं. चौघींनी नुसतं 'संमती आहे' म्हणून सही केलेली. चौथीने मात्र लिहिलं होतं: 'चेहरा एकदाच देईन. साचा माझ्यासमोर मोडायचा. दुसरी प्रत करायची नाही.' शिल्पकाराच्या मुलीने पत्रात लिहिलं होतं की बाकी चौघींच्या प्रती वडिलांनी पुढे इतर संग्रहालयांना करून दिल्या, हिची कधीच केली नाही. कोणी मागितली तर विषय बदलायचे.

मी ते पान दोनदा वाचलं. आणि मला जे येतं तेच केलं. ही अट साच्यापुरती आहे, असं ठरवलं. साचा आणि पुतळा वेगळे, फोटो वेगळा. ज्याचा हक्क त्याने परवानगी दिलेली आहे. मी पान फाइलला टोचलं आणि मास्तरांना सोमवारची तारीख कळवली.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सकाळी दहाला आम्ही तिघे दुसऱ्या मजल्यावर गेलो, मी, मास्तर आणि हसाबघू. पडदे सरकवल्यावर दालनात छान उजेड आला. जमिनीला नुकतं पॉलिश केलं होतं, त्याचा वास होता. मास्तरांनी दाढी इतकी घोटून केली होती की गालाला दोन ठिकाणी कापलं होतं. ते दोरीच्या अलीकडे हात मागे बांधून उभे राहिले.

हसाबघूने स्टँड लावला, दिवा लावला. "हसा बघू," तो म्हणाला, आणि मास्तर खरंच हसले.

पहिला फोटो पाचही जणींचा. चौघी स्वच्छ. चौथी हललेली.

"स्टँड सरकला," हसाबघू म्हणाला. त्याने स्टँडचे पाय घट्ट केले आणि कॅमेरा फक्त चौथीवर नेला.

दुसऱ्या फोटोत तिचे डोळे मिटलेले होते.

मी पुतळ्याकडे पाहिलं. रंगवलेले डोळे उघडेच होते, वर्षानुवर्षं असतात तसे. हसाबघू म्हणाला, "दिवा फार वर आहे, पापणीची सावली पडतेय." मी म्हटलं, "मग खाली घे." मला ते पटलं होतं. त्याने दिवा खाली घेतला.

तिसऱ्या फोटोत तिने मान फळ्याकडे वळवली होती. एक कान दिसत होता, त्यावरची हेडफोनची पट्टी, आणि मानेवर सुटलेले चार केस.

हसाबघूने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. तो काहीच विनोद करेना. दोरीपलीकडे ती आमच्याकडे तोंड करून बसली होती.

"मॅडम, आज राहू दे का?" तो म्हणाला.

मला रागच आला. घाबरले की मला राग येतो. मी म्हटलं, कोन चुकला असेल, लेन्स खराब असेल, हे काय लावलंय. बोलता बोलता मास्तर पुढे आले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. मला वाटलं, आता हा म्हातारा इथेच कोसळणार. पण ते जराही दचकले नाहीत.

"अशीच करायची," ते म्हणाले. फार मायेने म्हणाले.

माझ्या हातात फाइल होती. अशा वेळी काय करावं ते मला कळत नाही म्हणून मी त्यातलं ते वहीचं पान काढून त्यांना वाचून दाखवलं. चेहरा एकदाच देईन. दुसरी प्रत करायची नाही. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. मग दोरीपर्यंत गेले आणि घरात स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून बोलावं तसं तिच्याशी बोलले.

"एकच गं. दुसरी नाही काढणार. शब्द देतो." ती अर्थातच काही बोलली नाही. "दवाखान्यात तू झोपलेली असताना मी शेजारणीच्या मोबाइलवर एक घेतला होता. तू जागी झालीस, म्हणालीस पूस. पुसला की नाही तुझ्यादेखत? मग. मी शब्द मोडत नाही."

दालनात काही हललं नाही. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

मास्तरांनी हसाबघूकडे न बघता मान हलवली. त्याने बटण दाबलं.

या वेळी ती समोर बघत होती.

चेहरा पूर्ण आला होता. स्वच्छ, केसागणिक. पण तो बावीस वर्षांच्या मुलीचा नव्हता. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, ओठांच्या बाजूला दोन खोल रेघा, गाल जरा उतरलेले. साठी उलटलेली एक बाई थेट आमच्याकडे बघत होती, उशिरा घरी आलेल्या माणसाकडे बघतात तशी, रागावून झाल्यानंतर.

"प्लास्टरला तडे गेलेत," हसाबघू म्हणाला. "बाजूच्या उजेडात दिसतात."

"तडे नाहीत ते," मास्तर म्हणाले. ते रडत होते, आणि रडतायत याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी दोरीवरून वाकून पुतळ्याचा गाल पाहिला. गुळगुळीत होता.

निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "बाई, दुसरी काढू नका हं." मी त्या वेळी दालन बंद केल्याची वेळ वहीत लिहीत होते. "हो, हो," मी म्हणाले.

बुधवारी हसाबघूने एक प्रत छापून दिली, मी मागे शिक्का मारला आणि मास्तर ती छातीशी धरून घेऊन गेले. आठवड्याने शेजारणीचा फोन आला. काकांनी फोटो पलंगासमोर लावलाय, डबा संपवतात, सकाळी उठून मशीनवर बसतात, माझ्या मुलीला फ्रॉक शिवला. "काकू आल्यासारखं वाटतं हो घरात," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ खूश होते. या नोकरीत असं क्वचित होतं.

आता मी काय केलं ते सांगते.

परवानगी देऊन काढलेल्या प्रत्येक फोटोच्या दोन प्रती होतात. एक अर्जदाराला, एक फाइलला. फाइलला प्रत लागल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. सव्वीस वर्षांत माझं एकही प्रकरण उघडं राहिलेलं नाही, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. महिन्याच्या शेवटी कपाटात ती एकच फाइल उरली. मी हसाबघूला म्हटलं, दुसरी प्रत दे. तो म्हणाला, "मी नाही काढणार. तुम्ही ऐकलंय ना, मास्तरांनी काय शब्द दिला ते." मी म्हटलं, शब्द मास्तरांनी दिला होता, कार्यालयाने नाही. आणि फाइल बंद कपाटात राहते, तिला कोण बघतंय.

त्या दिवशी दुपारी मी स्वतः कार्यालयाच्या यंत्रावर प्रत छापली. छान आली. मागे शिक्का मारला, फाइलला चिकटवली, वर तांबड्या पेनने लिहिलं, प्रकरण बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या दारात उभे होते.

तोच कोट, कॉलरच्या आत त्याच टाचण्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. पण ते दाराशीच थांबले, आत येऊ का असं विचारून, पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखे.

"नमस्कार. माझ्याकडे तुमची एक वस्तू चुकून आलीय," ते म्हणाले. त्यांनी कागद सोडवला आणि चौकट माझ्यापुढे ठेवली. "मागे तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे, म्हणून इथे आणली. आज सकाळी बघतो तर माझ्या पलंगासमोर. कशी आली काही कळत नाही."

मी चौकट उलटून पाहिली, शिक्का माझाच होता.

"कोण आहेत हो या?" त्यांनी विचारलं.

वय झालंय, मी मनाशी म्हटलं. होतं असं. एकटं राहणाऱ्यांचं तर फार होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं, "मास्तर, तुमच्या पत्नी आहेत."

ते संकोचून हसले. "माझं लग्न कुठे झालंय, बाई."

मी फाइल काढली, अर्ज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'माझी पत्नी आहे' या ओळीखालून त्यांचं बोट सावकाश गेलं आणि परत आलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "सहीसुद्धा."

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते बोटाने पुसलं, बोटाकडे पाहिलं, परत पुसलं. ते का येतंय ते त्यांना कळत नव्हतं. "वयाने होतं असं," ते मला म्हणाले. मलाच धीर दिला त्यांनी.

ते गेल्यावर मी शेजारणीला फोन लावला. मास्तरांना कोणा डॉक्टरला दाखवा, म्हटलं, ते काकूंना विसरलेत.

"कुठल्या काकू?" ती म्हणाली.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काका तर पहिल्यापासून एकटे. आम्ही राहायला आलो तेव्हापासून बघतेय मी."

"तुमच्या मुलीला पाढे कोणी शिकवले?" मी विचारलं.

"मीच. का हो?"

हसाबघू त्याच्या खोलीत लेन्स पुसत बसला होता. मी विचारलं, तो चौथीचा फोटो आठवतो ना. तो म्हणाला, "चौथीचा? मॅडम, तिचा धड फोटो आहे कुठे. तुम्हीच तर मला बोललात."

मी त्याच पावली खाली आले. फाइलमधली प्रत ओरबाडून काढली आणि तिचे इतके बारीक तुकडे केले की एकावरही डोळा की ओठ ते कळू नये. वाटलं, आता एकच राहिली. आता शब्द पाळला गेला. आता सगळं होतं तसं होईल. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि चौकट घेऊन मास्तरांच्या घरी गेले.

एक खोली, एक मशीन, खिडकीत एक खुर्ची. पलंग एका माणसाचा. पलंगासमोर भिंतीत खिळा होता. मी चौकट त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ठेवा ही. तुमचीच आहे. माझी चूक झाली, मला माफ करा." मी त्यांचे पाय धरायचीच बाकी होते.

त्यांनी चौकट उजेडात धरून नीट पाहिली. मी देव पाण्यात घातल्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चेहरा चांगला आहे, ते म्हणाले. फार शांत आहे.

मग त्यांनी ती माझ्याकडे परत दिली, दोन्ही हातांनी, अदबीने. "पण परक्या बाईंचा फोटो मी घरात कसा लावू? लोक काय म्हणतील."

त्याला आता एक वर्ष झालं. चौकट माझ्या कपाटात आहे, कापडात गुंडाळून. मी ती उघडत नाही, उघडायची गरजच पडत नाही. सकाळी डोळे उघडले की तो चेहरा आपणहून समोर असतो, सुरकुत्यांसकट, लख्ख. मास्तर नेमाने मशीनवर बसतात असं शेजारीण सांगते. डबा मात्र तसाच परत येतो म्हणाली, का ते कळत नाही.

काल सकाळी मला त्या चौथीचा आवाजही आठवला. तो मी कधीही ऐकलेला नाही. ते जेवले का, असं विचारत होती.